इंग्रजीतला 'फार' कुठवर जातो? नव्याने इंग्रजी बोलू लागलेल्या इंदूरकरांसाठी

नोकरीला लागून तिसरा आठवडा चालू होता. विजयनगरमधलं ऑफिस, कानावर हेडफोन आणि पलीकडे इंग्लंडमधली एक बाई. तिने विचारलं, "हाउ फार हॅव यू गॉट विथ द रिपोर्ट?" त्यातलं 'हाउ फार' आणि 'रिपोर्ट' एवढंच मला नीट ऐकू आलं. आमच्याकडे कामावर हजर होण्याला सगळे 'रिपोर्ट करणं' म्हणायचे. मला वाटलं, घर ऑफिसपासून किती लांब आहे ते विचारतेय, बाई भली दिसते. मी अदबीने सांगितलं, "ट्वेल्व किलोमीटर्स, मॅडम."

पलीकडे शांतता. मग एक कोरडं "राइट". शेजारच्या खुर्चीतला मुलगा टेबलाखाली वाकून हसत होता. बाईला विचारायचं होतं की अहवाल कुठवर आलाय.

'कुठवर' हा शब्द घरी आई दिवसातून दहा वेळा म्हणायची. "पोळ्या कुठवर आल्या गं?" पण इंग्रजी ऐकताना माझ्या डोक्यात घर नसायचं. तिथे हिंदी माध्यमाच्या शाळेतली शब्दार्थांची वही उघडायची आणि तिच्यात लिहिलेलं असायचं, 'फार यानी दूर'. तुमचंही घर मराठी, शाळा हिंदी आणि नोकरी इंग्रजी असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. एफ-ए-आर या तीन अक्षरांनी मला वर्षभर छळलं. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे लिहितोय.

काय काय लागेल

- एक चाळीस पानी वही. दोनशे पानी आणू नका, ती भरत नाही आणि मग उत्साहच मावळतो.
- इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश. फोनवर फुकट मिळतो. इंग्रजी-हिंदी कोश या कामापुरता बाजूला ठेवा, कारण तो पुन्हा 'दूर'वरच आणून सोडतो.
- फोनमधलं आवाज रेकॉर्ड करायचं ॲप.
- घरातलं एक अस्सल मराठी बोलणारं माणूस. आजी असेल तर उत्तम.
- रोज वीस मिनिटं, दोन आठवडे.

पायरी १ : आधी दोन 'फार' वेगळे करा

देवनागरीत लिहिलं की आपला 'फार' आणि इंग्रजी 'फार' तंतोतंत सारखे दिसतात. म्हणून या लेखात एकाला 'आपला फार' आणि दुसऱ्याला 'इंग्रजी फार' म्हणतो.

आपला फार संस्कृत 'स्फार'वरून आला. स्फार म्हणजे पसरलेलं, विपुल. म्हणून फार दमलो, फार पाऊस, फार झालं. इंग्रजी फारचं कूळ निराळं. त्याचा लांबचा नातेवाईक आपल्या भाषेत आहेच, पण तो म्हणजे 'पर'. परगाव, परदेश, परलोक यांतला पर. पलीकडचा, पुढचा असा त्याचा भाव. म्हणजे जे सख्खे भाऊ दिसतात त्यांचं काही नातं नाही, आणि जो अनोळखी वाटतो तो चुलत घराण्यातला निघतो. लग्नाच्या मांडवात होतं तसं.

याचा उपयोग काय? संध्याकाळी माझ्याकडे शेजारची चार-पाच मुलं इंग्रजी वाचायला बसतात. त्यातल्या एकाने निबंधात लिहिलं, "आय वॉज फार हॅपी." त्याच्या मनात होतं 'मी फार खूश होतो'. इंग्रजीत हे चालत नाही. 'फार टायर्ड', 'फार गुड', 'फार ब्यूटिफुल' यातलं काहीच चालत नाही. तिथे 'व्हेरी' हवा. इंग्रजी फार साध्या विशेषणाला चिकटत नाही. तो कधी चिकटतो ते पायरी ५ मध्ये येईल.

पायरी २ : अंतर विचारायला शिका

प्रश्न विचारणं सगळ्यात सोपं, म्हणून सुरुवात तिथून करा. "हाउ फार इज उज्जैन?" म्हणजे उज्जैन किती लांब आहे. "हाउ फार इज इट फ्रॉम राजवाडा टु सराफा?" म्हणजे राजवाड्यापासून सराफा किती लांब.

इथे हमखास होणाऱ्या चुका अशा:

'हाउ मच फार' म्हणू नका. 'कितना दूर'मधल्या 'कितना'साठी आपण 'मच' घालतो, पण 'हाउ फार'मध्ये किती आणि लांब दोन्ही आलेलं असतं.

'हाउ फार उज्जैन इज?' असं उलटंही म्हणू नका. थेट प्रश्नात 'इज' आधी येतो. मात्र हाच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की 'इज' शेवटी जातो: "कॅन यू टेल मी हाउ फार उज्जैन इज?" हा उलटापालट मला सहा महिने जमला नाही. शेवटी युक्ती सापडली. 'सांगाल का' असं आधी म्हटलं, तर 'इज' शेवटी. नुसतं विचारलं, तर 'इज' आधी.

'हाउ लाँग इज भोपाल फ्रॉम हिअर' असंही नको. 'हाउ लाँग' प्रवासाला लागणाऱ्या वेळेसाठी ठेवा: "हाउ लाँग डझ इट टेक टु रीच भोपाल?"

रिक्षात बसताना आणखी एक गोची होते. 'फार' म्हणजे अंतर आणि 'फेअर' म्हणजे भाडं. बाहेरगावाहून आलेल्या साहेबाला स्टेशनवरून आणायला गेलात आणि त्याने "व्हॉट्स द फेअर?" विचारलं, तर किलोमीटर सांगू नका. रुपये सांगा.

पायरी ३ : उत्तर देताना 'फार' खिशात ठेवा

आपली सगळ्यात ठळक चूक इथे होते. "उज्जैन इज फिफ्टी-फाइव्ह किलोमीटर्स फार." इंदूरमध्ये हे वाक्य मी सुशिक्षित माणसांच्या तोंडून रोज ऐकतो. हिंदीत 'पचपन किलोमीटर दूर' बरोबर, मराठीत 'पंचावन्न किलोमीटर लांब' बरोबर, पण इंग्रजीत आकडा आला की 'फार' जातो आणि 'अवे' येतो: "उज्जैन इज अबाउट फिफ्टी-फाइव्ह किलोमीटर्स अवे." आकडा आणि 'फार' एका म्यानात राहत नाहीत.

वहीत तीन ओळी लिहा आणि मोठ्याने वाचा. महू सुमारे तेवीस किलोमीटर 'अवे'. ओंकारेश्वर सुमारे ऐंशी किलोमीटर 'अवे'. भोपाळ सुमारे एकशे नव्वद किलोमीटर 'अवे'. अंतर वेळेत सांगायचं असेल तरीही 'अवे'च: "महू इज अबाउट ॲन अवर अवे." आपण 'तासाभराच्या अंतरावर' म्हणतो, तसंच.

आता आकडा नसेल तर? 'भोपाळ लांब आहे' याला "भोपाल इज फार" म्हटलं तर व्याकरण मोडत नाही, पण इंग्रजी कानाला ते अर्धवट वाटतं. ते लोक म्हणतात, "भोपाल इज अ लाँग वे फ्रॉम हिअर." किंवा फारला सोबत देतात: 'टू फार', 'सो फार', 'फार अवे'. एकटा फार त्यांना प्रश्नात आणि नकारात बरा वाटतो. "इज इट फार?" "नो, इट इझंट फार."

हे चमत्कारिक वाटलं तर आपला 'फारसा' आठवा. 'मला फारसं कळलं नाही' म्हणतो, पण 'मला फारसं कळलं' कोणी म्हणतं का? 'फारसा' नकाराशिवाय जगत नाही, हे आपल्याला कोणी शिकवलं नाही, तरी कधी चुकत नाही. इंग्रजी फारची सवय थोडीशी तशी आहे. इतकी कडक नाही, पण त्याच घरची.

इंदूरची स्वतःची एक अडचण आहे. आपल्या गावात लांब असं काही नसतंच. कोणालाही पत्ता विचारा, "अरे भिया, यहीं है, दो मिनट." मग तुम्ही तपेलीभर घाम गाळून पोहोचता. इंग्रजीत पत्ता सांगताना 'नॉट फार' जरा जपून वापरा. राजवाड्याहून सराफा 'नॉट फार', ते खरंच मागच्या गल्लीत आहे. राजेंद्रनगरहून विजयनगर 'नॉट फार' म्हणालात, तर पुण्याहून आलेला पाहुणा पायी निघेल.

पायरी ४ : 'दूर' खोडा आणि 'वर' लिहा

या लेखातली एकच पायरी करायची असेल तर ही करा.

वहीत मधोमध मोठ्या अक्षरांत लिहा: फार = वर. डोक्यावरचा 'वर' नाही, 'कुठवर, इथवर, जिथवर' यांतला 'वर'. इंग्रजी फार हा मुळात मापाचा शब्द आहे. एखादी गोष्ट कुठपर्यंत पोहोचली ते तो सांगतो. ती रस्त्यावरची असेल तर अंतर होतं, कामाची असेल तर प्रगती, वागण्याची असेल तर मर्यादा. 'दूर' यातला फक्त रस्ता दाखवतो. हिंदीतही 'कहाँ तक' आहेच, दोष हिंदीचा नाही, वहीत एकच अर्थ लिहून पान उलटणाऱ्या आपल्या शाळेचा आहे.

हाउ फार : कुठवर. "हाउ फार हॅव यू गॉट?" म्हणजे काम कुठवर आलं. "हाउ फार अलाँग आर यू?" म्हणजेही तेच. याचं उत्तर किलोमीटरमध्ये देऊ नका. "आय ॲम हाफवे थ्रू" म्हणजे अर्धं झालंय. "आय हॅव फिनिश्ड द फर्स्ट सिक्स पेजेस" हेही छान. "हाउ फार कॅन वुई ट्रस्ट हिम?" म्हणजे त्याच्यावर कितपत विश्वास टाकायचा. कुठवर आणि कितपत, दोन्ही कामाचे.

सो फार : इथवर, आतापर्यंत. "आय हॅव रेड फोर चॅप्टर्स सो फार." सोबतचं क्रियापद बहुधा 'हॅव' घेऊन येतं, कारण गोष्ट अजून चालू आहे. हा 'अजून चालू' भाव सांभाळा. मुलाखतीला गेलेल्या माझ्या पुतणीने सांगितलं, "सो फार आय लिव्ह्ड इन देवास." तिला म्हणायचं होतं, इतके दिवस देवासला होते, आता इंदूरला आले. संपलेल्या गोष्टीला 'सो फार' लावायचा नाही. तिथे "आय लिव्ह्ड इन देवास अन्टिल लास्ट इयर" हवं.

'सो फार'मध्ये एक बारीक काटाही आहे. "सो फार नोबडी हॅज कम्प्लेन्ड" म्हणजे अजून तरी कोणी तक्रार केली नाही. त्या 'तरी'त पुढची शंका बसलेली असते. साहेबाला निर्धास्त करायचं असेल तर हे वाक्य वापरू नका. आणि "सो फार, सो गुड" हा तयार तुकडा: इथवर तर सगळं ठीक. कामाच्या मधल्या टप्प्यावर कोणी विचारलं की हे चार शब्द पुरतात.

ॲज फार ॲज : जिथवर. याची तीन रूपं आहेत आणि तिन्ही वेगळी.

पहिलं जागेचं. "आय वॉक्ट ॲज फार ॲज बडा गणपती." बड्या गणपतीपर्यंत चालत गेलो. हे फक्त जागेपुरतं. 'रविवारपर्यंत'ला "ॲज फार ॲज संडे" होत नाही. तिथे 'अन्टिल' किंवा 'बाय'. मराठीत 'पर्यंत' सगळीकडे चालतो, म्हणून आपण इथे घसरतो.

दुसरं माहितीचं. "ॲज फार ॲज आय नो", माझ्या माहितीप्रमाणे. "ॲज फार ॲज आय रिमेंबर", मला आठवतं तिथवर. ऑफिसात याइतका उपयोगी तुकडा नाही. खात्री नसेल तर आधी हा लावायचा आणि मग बोलायचं. पुढे चूक निघाली तरी खोटं बोलल्याचा ठपका येत नाही.

तिसरं विषयाचं. "ॲज फार ॲज द बजेट इज कन्सर्न्ड", बजेटपुरतं बोलायचं तर. यातलं शेवटचं 'इज कन्सर्न्ड' आपण गिळून टाकतो. गिळू नका. वाक्य लंगडं होतं.

आणि एक सापळा जो भल्याभल्यांना पकडतो: "ॲज फार ॲज आय ॲम कन्सर्न्ड" म्हणजे 'माझ्या माहितीप्रमाणे' नव्हे. त्याचा अर्थ 'माझं विचाराल तर', 'माझ्यापुरतं'. "ॲज फार ॲज आय ॲम कन्सर्न्ड, द मीटिंग इज ॲट फोर" म्हणालात तर ऐकणाऱ्याला वाटेल की बाकीच्यांची वेळ काहीही असो, तुम्ही चारलाच येणार. मी हे वाक्य एका वरिष्ठांना ईमेलमध्ये पाठवलं होतं. उत्तर आलं, "अँड ॲज फार ॲज द रेस्ट ऑफ अस?" मला तेव्हा त्यातला टोमणासुद्धा कळला नाही.

गो फार आणि गो टू फार : एका 'टू'ने आशीर्वादाचा ओरडा होतो. "शी विल गो फार" म्हणजे पोरगी नाव काढेल. "यू हॅव गॉन टू फार" म्हणजे अति केलंस, मर्यादा ओलांडलीस. इथे गंमत अशी की आपला फार आणि इंग्रजी फार क्षणभर गळ्यात गळे घालतात. आजी चिडली की "आता फार झालं!" म्हणायची, त्याचं इंग्रजी करायला "धिस हॅज गॉन टू फार" इतकं चपखल वाक्य सापडणार नाही. पण हा योगायोग. त्यावरून 'फार टायर्ड'कडे परत जाऊ नका.

पायरी ५ : तुलनेत 'फार' म्हणजे 'कितीतरी'

साध्या विशेषणाला न चिकटणारा इंग्रजी फार तुलनेच्या शब्दाला आनंदाने चिकटतो. "फार बेटर", कितीतरी चांगलं. "फार मोर एक्स्पेन्सिव्ह", कितीतरी महाग. दोन गोष्टींमधलं अंतर मोजतो म्हणा, म्हणजे त्याचा मूळ स्वभाव सुटत नाही.

'व्हेरी बेटर' हे आपल्याकडचं लाडकं चुकीचं रूप. ते आजपासून बंद. 'फार मोर बेटर'ही नको, बेटरमध्ये 'मोर' आधीच आहे.

'फार टू' आलं की तक्रार समजा. "द कचोरी वॉज फार टू स्पायसी" म्हणजे नको इतकी तिखट. कौतुक करायचं असेल तर 'टू' घालू नका. सराफ्यात एका दिल्लीकर पाहुण्याला आमच्या एका मित्राने गराडू खिलवले आणि म्हणाला, "सर, दीज आर फार टू टेस्टी." पाहुणा गोंधळला, खाऊ की नको.

सगळ्यांत श्रेष्ठ सांगायचं तर 'बाय फार': "धिस इज बाय फार द बेस्ट पोहा इन इंदोर." म्हणजे बाकीचे जवळपासही नाहीत. याच्या जागी 'सो फार' घातलं तर अर्थ बदलतो. "द बेस्ट सो फार" म्हणजे आतापर्यंत खाल्लेल्यांत चांगले, उद्या कदाचित याहून चांगले मिळतील. इंदुरात पोहेवाल्याच्या तोंडावर कोणतं म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

पायरी ६ : 'फार फ्रॉम' म्हणजे 'तर दूरच'

इथे मात्र शाळेतला 'दूर' कामाला येतो. त्याला सगळीकडून हाकललं, एका खोलीत राहू द्या.

"द एक्झाम वॉज फार फ्रॉम इझी." परीक्षा सोपी तर दूरच राहिली. 'नॉट इझी'पेक्षा हे जोरकस आहे. "फार फ्रॉम हेल्पिंग, ही मेड इट वर्स." मदत तर दूरच, त्याने आणखी बिघडवून ठेवलं. 'फ्रॉम'नंतर क्रियापद आलं तर त्याला 'इंग' लागतं. कोणी विचारलं, "आर यू अँग्री?" आणि तुम्ही मुळीच रागावलेले नसाल तर "फार फ्रॉम इट!" म्हणा. छे, मुळीच नाही.

याचाच एक साळसूद भाऊबंद आहे. "फार बी इट फ्रॉम मी टु क्रिटिसाइज..." शब्दशः टीका करणं माझ्यापासून दूर राहो. पण हे कानावर आलं की सावध व्हा, पुढे टीकाच येते. आपल्याकडे एखादी काकू 'मला काय त्याचं, मी आपली सांगते' म्हणून सुरुवात करते ना, तोच हा सूर. तुम्ही स्वतः वापरायची घाई करू नका, ओळखता आलं तरी पुरे.

पायरी ७ : पलीकडचा 'फार'

'द फार एंड', 'द फार साइड'. दोन टोकं असली की त्यातलं पलीकडचं. इथे अंतर मोठं असण्याची अट नाही. खोलीचा पलीकडचा कोपरासुद्धा 'द फार कॉर्नर' होतो.

हे मला महेश्वरला समजलं. अहिल्या घाटाच्या पायऱ्यांवर बसलो होतो, सोबत ऑफिसातला एक परदेशी पाहुणा. त्याने समोर बोट दाखवून विचारलं, "व्हॉट्स ऑन द फार बँक?" मी म्हटलं, हा तर समोर दिसतोय, नाव टाका आणि पोहोचा, याला फार कसं म्हणायचं? मग लक्षात आलं, अरे, हा तर पैलतीर! ऐलतीर तो 'निअर बँक', पैलतीर तो 'फार बँक'. पलीकडच्या काठासाठी संस्कृतात 'पार' शब्द आहे, आणि तोही याच जुन्या कुळातला. पायरी १ मधला 'पर' आठवा. वहीत 'फार बँक'समोर मी कधी 'दूरचा किनारा' लिहिलं नाही.

पायरी ८ : 'फार्दर' की 'फर्दर'?

यावर लोक डोकं फोडून घेतात. थोडक्यात सांगतो.

रस्त्यावरचं जास्त अंतर असेल तर दोन्ही चालतात: "देवास इज फार्दर दॅन महू" किंवा "फर्दर दॅन महू". इंग्लंडमध्ये 'फर्दर' जास्त ऐकू येतो. 'आणखी', 'अधिक' असा अर्थ असेल तर फक्त 'फर्दर': "फॉर फर्दर इन्फर्मेशन", "एनी फर्दर क्वेश्चन्स?" 'पुढे नेणं' असं क्रियापद हवं असेल तरी 'फर्दर'च. म्हणजे शंका आली की डोळे मिटून 'फर्दर' म्हणा, चुकणार नाही.

त्याला आणखी एक कारण आहे. इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात 'फार्दर' आणि वडील या अर्थाचा 'फादर' हुबेहूब सारखे ऐकू येतात, कारण मधला र ते म्हणतच नाहीत. अमेरिकेत र ऐकू येतो, तिथे घोळ होत नाही.

पायरी ९ : तोंडात बसवा

उच्चाराचं काम पाच मिनिटांचं आहे, पण टाळू नका. जुन्या पद्धतीने 'फळ', 'फूल' म्हणताना आपले दोन्ही ओठ मिटतात. इंग्रजी फारमध्ये ओठ मिटायचे नाहीत. वरचे दात खालच्या ओठावर हलके टेकवा आणि हवा सोडा. आरशासमोर करा. आजीला 'फळ' म्हणायला सांगा आणि तिच्या ओठांकडे बघा, म्हणजे फरक दिसेल.

'आ' लांब ठेवा. आखूड झाला की केसाळ कातड्याचा 'फर' होतो. इंग्लंडची माणसं शेवटचा र सोडून देतात, फक्त पुढे स्वर आला की तो परत येतो: 'फार अवे' म्हणताना 'फारवे'सारखं ऐकू येतं. तुम्ही र म्हटला तरी कोणाचं काही बिघडत नाही. ऐकताना तो नसेल, एवढंच ध्यानात ठेवा. त्या इंग्लंडच्या बाईच्या तोंडून मला 'हाउ फा' ऐकू आलं होतं.

पायरी १० : जोडशब्दांची एक पानी यादी

हे भराभर वहीत उतरवा, प्रत्येकावर वेळ घालवू नका.

- फार-फेच्ड : ओढूनताणून आणलेलं, न पटणारं.
- फार-रीचिंग : दूरगामी. निर्णय, परिणाम यांच्यासाठी.
- फार-साइटेड : दूरदर्शी. अमेरिकेत मात्र जवळचं नीट न दिसणाऱ्यालाही हेच म्हणतात. डॉक्टरच्या तोंडून ऐकलं तर खूश होऊ नका, चष्मा लागेल.
- फार अँड वाइड : चहूकडे, लांबलांबपर्यंत.
- फ्यू अँड फार बिट्वीन : क्वचित, तुरळक.
- अ फार क्राय फ्रॉम : जमीन-अस्मानाचा फरक. यात रडणं नाही.
- फारअवे : एकत्र लिहिला तर नामाआधी येणारं विशेषण. तोडून 'फार अवे' लिहिला तर 'लांब' असं क्रियाविशेषण.

पायरी ११ : दोन आठवड्यांचा सराव

पहिले चार दिवस फक्त अंतरं. घरातून जिथे जिथे जाता तिथलं अंतर 'अवे' लावून म्हणा आणि फोनमध्ये रेकॉर्ड करा. ऐकताना शेवटी 'फार' सापडला की ती ओळ पुन्हा.

पुढचे सहा दिवस 'वर'. आजीला किंवा आईला दिवसभर बोलू द्या. 'कुठवर', 'इथवर', 'तिथपर्यंत', 'कितपत' असा शब्द आला की तिथल्या तिथे इंग्रजी करायचं. "दळण कुठवर आलं?" "हाउ फार हॅव दे गॉट विथ द ग्राइंडिंग?" आमच्या घरी या खेळात आईला इतकी गोडी लागली की ती मुद्दाम 'कुठवर' पेरू लागली. एका रविवारी सकाळी सात 'कुठवर' झाले, त्यातले चार मला न उठल्याबद्दल होते.

शेवटचे चार दिवस तुलना आणि 'फार फ्रॉम'. यासाठी खाण्याची जागा निवडा. छप्पन दुकानं गाठा, दोन ठिकाणी एकच पदार्थ खा आणि कोणता कशापेक्षा 'फार बेटर' ते ठरवा. सोबत कोणी असेल तर वाद घालायला सोपं जातं. एकटे असाल तर वहीत लिहा, पण वही तेलकट होऊ देऊ नका. माझ्या वहीतलं 'बाय फार'चं पान आजही शेवेच्या तेलाने पारदर्शक झालेलं आहे, मागच्या पानावरचा 'फार फ्रॉम' त्यातून उलटा दिसतो.